पुस्तक हाती आहे तोवर : प्रबंधाचे संदर्भ लावताना

प्रबंध संदर्भ तपासायला आमच्या टेबलावर येतो तेव्हा बांधणी सोडून बाकी सगळे झालेले असते. पाच-सहा प्रकरणे, तीनशेच्या आसपास पाने आणि शेवटी घाईघाईने जोडलेली ग्रंथसूची. सादर करण्याची तारीख ठरलेली असते आणि निरोप असतो, "तेवढे संदर्भ एकदा नजरेखालून घाला." या 'तेवढ्या'ला आठ ते दहा पूर्ण दिवस लागतात. त्यातले निम्म्याहून जास्त दिवस एकाच कारणाने जातात: पुस्तक हाती होते तेव्हा पानाचा आकडा लिहून घेतलेला नसतो. दोन वर्षांनी तेच पुस्तक पुन्हा शोधायचे, तीच आवृत्ती मिळवायची आणि अडीचशे पानांत एक वाक्य हुडकायचे, हे वरातीमागून घोडे फार महागात पडते.

इथे लिहिलेले काम छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड या दोन विद्यापीठांच्या परिसरात होणाऱ्या प्रबंधांचे आहे. बहुतेक मराठी, इतिहास, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र या विषयांचे. विज्ञानाच्या प्रबंधांत अडचणी कमी असतात, कारण तिथले जवळजवळ सगळे संदर्भ इंग्रजी नियतकालिकांतले आणि डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) असलेले असतात. मराठवाड्यावर मराठीत लिहिणाऱ्याला मात्र फसली (हैदराबाद संस्थानातल्या महसुली) सालातली कागदपत्रे, शके छापलेली पुस्तके, जिल्हा आवृत्तीची कात्रणे, शासन निर्णय आणि जात्यावरच्या ओव्या हे सगळे एकाच सूचीत बसवायचे असते. त्यासाठी तयार साचा कुठेच मिळत नाही.

पहिला दिवस जुळवणीचा. प्रबंधाची एक छापील प्रत घ्यायची आणि मजकुरात जिथे जिथे संदर्भ दिला आहे तिथे हिरवी खूण करायची. मग दोघांनी बसायचे. एकाने प्रकरणातला संदर्भ वाचायचा, दुसऱ्याने सूचीत त्याच्यापुढे टिकमार्क करायचा. दुपारपर्यंत दोन ढीग तयार होतात. मजकुरात आहेत पण सूचीत नाहीत असे संदर्भ पंधरा-वीस तरी निघतात. सूचीत आहेत पण मजकुरात कुठेच नाहीत अशी पुस्तके त्याहून जास्त. पहिला ढीग चुकांचा आहे, तो भरून काढावाच लागतो. दुसऱ्या ढिगाबद्दल मतभेद आहेत. एपीए (अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या) पद्धतीत सूचीत फक्त उद्धृत केलेलीच साधने येतात. आपल्याकडच्या मराठी विभागांत मात्र संदर्भग्रंथसूचीत वाचलेली पुस्तकेही घालण्याची रीत आहे. मार्गदर्शक आग्रही असतील तर अशी पुस्तके 'पूरक वाचन' या वेगळ्या मथळ्याखाली द्यावीत. मुख्य सूची फुगवण्यासाठी ती तिथे नकोत, कारण परीक्षक सूचीत नाव पाहतो आणि प्रकरणात ते शोधतो.

पद्धत कुठली घ्यायची, यावर फार वेळ घालवू नये. सामाजिक शास्त्रांना एपीएची सातवी आवृत्ती, साहित्याला एमएलएची (मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची) नववी, इतिहासाला तळटीप किंवा प्रकरणाच्या शेवटी टिपा. विभागाने काही ठरवून दिले असेल तर तेच. एक घेतली की सगळ्या प्रबंधात तीच. चौथ्या प्रकरणात कंस आणि पाचव्यात टिपा असा प्रकार झाला असेल, तर त्यातले एक प्रकरण आधी वेगळा लेख म्हणून छापले गेले होते हे लगेच ओळखू येते.

टिपांच्या पद्धतीत सगळ्यात जास्त घात 'तत्रैव', म्हणजे 'वरच्याच पुस्तकात', हा शब्द करतो. बाराव्या टिपेत पुस्तकाचे पूर्ण तपशील असतात आणि तेराव्यात नुसते 'तत्रैव, पृ. ४५'. पुढे मार्गदर्शकांनी सुचवलेला एक परिच्छेद मध्ये येतो, त्याची नवी टीप बारा आणि तेरा यांच्यामध्ये शिरते, आणि 'तत्रैव' भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवू लागते. संगणक आकडे आपोआप बदलतो, शब्द बदलत नाही. 'उ. नि.' म्हणजे 'उपरोक्त निर्दिष्ट' याचीही तीच गत. एका लेखकाची दोन पुस्तके वापरली असतील तर 'उ. नि.' नेमके कुठले, ते कळायला मार्ग नाही. म्हणून मसुदा चालू असेपर्यंत दोन्ही शब्द वापरायचे नाहीत. प्रत्येक टिपेत आडनाव, पुस्तकाचे आखूड नाव आणि पृष्ठ लिहायचे. 'तत्रैव' घालायचेच असेल तर छपाईला जाण्याच्या आदल्या दिवशी.

आता पुस्तकांच्या नोंदी. नोंद मुखपृष्ठावरून करू नये. आतले शीर्षकपृष्ठ आणि त्याच्या मागची बाजू, या दोन पानांचा फोटो मोबाइलवर काढून ठेवावा. उतारा जिथून घेतला त्या पानाचा तिसरा फोटो, पृष्ठक्रमांकासह. तीन फोटोंना अर्धा मिनिट लागतो आणि पुढचे दिवस वाचतात. मागच्या बाजूवर 'पहिली आवृत्ती', 'दुसरी आवृत्ती', 'पुनर्मुद्रण' असे तीन-चार सन असतात. जे पुस्तक आपण उघडले त्याच्या आवृत्तीचा सन घ्यायचा, कारण पृष्ठक्रमांक तिचे आहेत. नुसते पुनर्मुद्रण असेल तर पाने बहुधा तीच राहतात. आवृत्ती सुधारून वाढवलेली असेल तर पाने सरकतात. विचार जुना आहे हे दाखवायचे असेल तर नोंदीच्या शेवटी 'मूळ प्रकाशन' म्हणून पहिला सन जोडता येतो.

जुन्या पुस्तकांवर कधी नुसते शके असते. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. महिना छापलेला नसेल तर एकच इसवी सन ठोकून देऊ नये. 'शके १८६०' असे मूळ लिहून पुढे चौकटी कंसात '१९३८–३९' द्यावे.

हैदराबाद संस्थानातल्या कागदांवर फसली साल असते. मराठवाड्याचे तेव्हाचे पाच जिल्हे, म्हणजे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद, त्या संस्थानात होते. त्यामुळे महसूल, शिक्षण किंवा मुक्तिसंग्राम यांवर काम करणाऱ्याला फसली टळत नाही. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातल्या तारखेला ५९० मिळवायचे आणि जानेवारीनंतरच्या तारखेला ५९१. पडताळा घ्यायला सोपा आहे: १७ सप्टेंबर १९४८, म्हणजे पोलिस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात आले तो दिवस, १३५७ फसलीत पडतो, १३५७ अधिक ५९१ म्हणजे १९४८. प्रबंधांत सरसकट ५९० मिळवलेले आढळते आणि घटना एक वर्ष मागे जाते. एखादा हुकूम पोलिस कारवाईच्या आधीचा की नंतरचा, यावर सगळे प्रतिपादन उभे असेल तर ही एका आकड्याची चूक प्रकरणच पाडते. टिपेत आधी मूळ फसली तारीख, मग रूपांतर. रूपांतर आपले आहे हे दिसावे म्हणून तेही चौकटी कंसात.

असे कागद हैदराबादच्या अभिलेखागारात पाहिले असतील तर नोंदीत अभिलेखागाराचे नाव, खाते, फाइल किंवा बस्त्याचा क्रमांक, कागदाची तारीख आणि असल्यास पान, एवढे हवे. मूळ उर्दू किंवा फारसी कागद दुसऱ्याकडून वाचून घेतला असेल तर 'मराठी अनुवाद अमुक यांचा' हे त्या व्यक्तीच्या संमतीने सांगावे. कागद स्वतः न पाहता कुणाच्या ग्रंथात त्याचा उतारा वाचला असेल, तर अभिलेखागाराचे नाव आपल्या नोंदीत येणारच नाही.

हा शेवटचा मुद्दा आम्हांला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जे पाहिले त्याचाच संदर्भ द्यायचा. मराठवाड्याच्या सिंचन अनुशेषावर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण १९८४ च्या दांडेकर समितीचे नाव घेतो आणि आकडे कुठल्यातरी लेखातून उचलतो. अहवाल प्रत्यक्ष पाहिलेले थोडे. डॉ. विजय केळकर यांच्या समितीचा २०१३ चा अहवाल वाचताना त्यात दांडेकर समितीबद्दल वाचले असेल, तर मजकुरात 'दांडेकर समिती, १९८४. उद्धृत, केळकर समिती, २०१३' असे पृष्ठासह लिहायचे आणि सूचीत केवळ केळकर समितीचा अहवाल घालायचा. यात कमीपणा काहीच नाही. उलट मधल्या लेखकाने आकडा चुकवला असेल आणि तुम्ही थेट मूळ अहवालाचे नाव टाकले असेल, तर त्याची चूक तुमच्या माथी येते. आम्ही अशा आकड्यांचा माग काढतो तेव्हा दशांशचिन्ह सरकलेले, हेक्टरचे एकर झालेले, आणि चार प्रबंधांत तीच चूक उतरलेली सापडते. एकाने पाहिले नाही, म्हणून पुढच्या तिघांनीही पाहिले नाही.

सगळ्यांना ठाऊक असलेल्या आकड्यालाही संदर्भ लागतो का, हा प्रश्न नेहमी येतो. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी झाला, याला संदर्भ नको. ते सर्वज्ञात आहे. मृतांचा आकडा दिला की मात्र हवा. कारण काही ठिकाणी ७,९२८ छापलेला आहे आणि काही ठिकाणी ९,७४८. कुठला घेतला आणि कुणाचा घेतला, हे न सांगता आकडा लिहिणे म्हणजे वाचकाला अंधारात सोडणे. जिथे दोन जाणकार वेगळे सांगू शकतात, तिथे संदर्भ द्यायचा. ही कसोटी आम्हांला पुरते.

मराठीच्या प्रबंधात प्राचीन ग्रंथांचा वेगळा घोळ असतो. 'लीळाचरित्रा'तली लीळा नुसत्या क्रमांकाने दिली तर वाचक तिथे पोहोचत नाही. ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते यांनी संपादित केलेल्या आवृत्त्यांत क्रमांक सारखे नाहीत. म्हणून पहिल्याच टिपेत आवृत्ती जाहीर करायची: कोलते, वि. भि. (संपा.), १९७८, महाराष्ट्र राज्य साहित्य-संस्कृती मंडळ, मुंबई. पुढे 'पूर्वार्ध' की 'उत्तरार्ध', लीळा क्रमांक आणि पृष्ठ. सूचीत ग्रंथ मूळ ग्रंथकर्ते म्हाइंभट यांच्या नावाखाली लावायचा की संपादकाच्या, हे विभागानुसार बदलते, पण दोन्ही नावे नोंदीत असलीच पाहिजेत. 'ज्ञानेश्वरी'चेही तेच. अध्याय आणि ओवी लिहिणे योग्यच, तरी ओव्यांची संख्या प्रतीप्रतीत वेगळी असल्याने कुठली प्रत वापरली ते सांगितल्याशिवाय ओवीचा आकडा अर्धवट राहतो. आणि जुन्या मराठीचे लेखन 'दुरुस्त' करू नये. मूळ पाठात जसे आहे तसेच, अनुस्वारासकट.

लांब अवतरणांची मर्यादा तिन्ही पद्धतींत निरनिराळी आहे. एपीएत ४० किंवा अधिक शब्द झाले की अवतरणचिन्हे काढून परिच्छेद आत सरकवून लावायचा. एमएलएत गद्याच्या चार ओळींहून जास्त आणि कवितेच्या तीन ओळींहून जास्त झाले तर. शिकागोत, म्हणजे तळटिपांच्या पद्धतीत, साधारण शंभर शब्दांपुढे.

नियतकालिकांकडे वळू. मराठी अंकांवर 'वर्ष १२, अंक ३' असे छापलेले असते. हे वर्ष म्हणजे नियतकालिकाच्या वयाचे बारावे वर्ष, इंग्रजी नियतकालिकातला खंड. त्याचे २०१२ केलेले प्रबंध आम्ही पुन्हा पुन्हा पाहतो. 'अस्मितादर्श' किंवा 'प्रतिष्ठान'सारख्या नियतकालिकांचे जुने अंक ग्रंथालयात वर्षाची बांधीव फाइल करून ठेवलेले असतात आणि मुखपृष्ठे कधी बांधणीत निघून गेलेली असतात. तेव्हा महिना आणि वर्ष आतल्या अनुक्रमणिकेवरून घ्यावे लागते. दिवाळी अंकाला 'दिवाळी १९८२' एवढे पुरे.

वर्तमानपत्रात आवृत्ती सांगणे अत्यावश्यक आहे. एकाच दैनिकाच्या नांदेड, लातूर आणि छत्रपती संभाजीनगर आवृत्तीत त्याच तारखेला त्याच पानावर वेगळी बातमी असते. तारीख आणि पृष्ठ बिनचूक असूनही परीक्षकाला बातमी सापडत नाही, ती यामुळे. कात्रण कापतानाच मागे पेन्सिलीने दैनिक, आवृत्ती, तारीख, पृष्ठ लिहून ठेवावे.

गावांची आणि शहरांची नावे बदलली की नवा प्रश्न उभा राहतो. २०२३ पासून औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. काही जण सूचीतही 'शोधा आणि बदला' चालवतात, मग १९७५ साली छापलेल्या पुस्तकाचे प्रकाशनस्थळ छत्रपती संभाजीनगर होते आणि 'औरंगाबाद जिल्हा गॅझेटियर'चे शीर्षकच बदलते. पुस्तकावर जे छापले आहे तेच नोंदीत राहते. आपल्या विवेचनात आजचे नाव वापरा, शीर्षकाला हात लावू नका. तसे पाहता एपीएच्या सातव्या आवृत्तीने प्रकाशनस्थळ काढूनच टाकले आहे, पण मराठी विभागांत ते अजून मागतात आणि जुनी स्थानिक प्रकाशने ओळखायला ते उपयोगीही पडते.

शासन निर्णयाची नोंद करताना लेखक म्हणजे विभाग. विभागाचे नाव, दिनांक, विषय, शासन निर्णय क्रमांक आणि संकेतस्थळावरून घेतला असल्यास संकेतांक. 'शासनाचा जीआर, २०१६' ही नोंद नव्हे. विश्वकोशाच्या नोंदीखाली ती लिहिणाऱ्याचे नाव असते; लेखक तोच, आणि 'मराठी विश्वकोश' हा त्या नोंदीचा ग्रंथ. संकेतस्थळाचा दुवा दिला तर पाहिल्याची तारीख द्यावी आणि त्याच दिवशी वेबॅक मशीन या संकेतस्थळांच्या संग्रहात त्या पानाची प्रत जतन करावी, कारण शासकीय संकेतस्थळे नव्याने बांधली की जुने दुवे मरतात.

मुलाखती आणि ओव्या. एपीएनुसार खाजगी मुलाखत मजकुरातच 'व्यक्तिगत संवाद' म्हणून तारखेसह येते, सूचीत येत नाही, कारण वाचक ती मिळवू शकत नाही. पण जात्यावरच्या ओव्यांचा किंवा मुक्तिसंग्रामातल्या सैनिकांच्या आठवणींचा प्रबंध असेल तर हीच मुख्य साधने आहेत, म्हणून त्यांचे वेगळे परिशिष्ट करावे: सांगणाऱ्याचे नाव, अंदाजे वय, गाव, तालुका, जिल्हा, तारीख, ध्वनिमुद्रणाचा क्रमांक. नाव छापायला संमती घेतलेली असावी. 'गावातील एक वृद्ध महिला' असे लिहिण्याची सवय आम्हांला खटकते. जिने चाळीस ओव्या सांगितल्या ती त्या साधनाची धनी आहे. तिची हरकत नसेल तर तिचे नाव पुस्तकाच्या लेखकाइतक्याच मानाने यावे.

या सगळ्या नोंदी ठेवायला झोटेरो हे मोफत साधन चांगले आहे. इंग्रजी पुस्तकाचा आयएसबीएन किंवा लेखाचा डीओआय टाकला की तपशील आपोआप भरतात. मराठी पुस्तकांचे बहुतेक वेळा हातानेच भरावे लागतात. आडनाव आणि नाव वेगळ्या चौकटींत घातले नाही तर क्रमवारी बिघडते. मराठी नोंदींच्या मागेही तेच इंग्रजी 'एट अल.' लागते, कारण एका दस्तऐवजाला एकच भाषा मिळते. उपाय असा: शेवटच्या दिवशी फाइलची प्रत काढायची, प्रतीत झोटेरोशी असलेला दुवा तोडायचा आणि तिथे 'व इतर' हाताने करायचे. मूळ फाइल जोडलेलीच ठेवायची. गूगल स्कॉलरवरून उचललेल्या नोंदीत पुनर्मुद्रणाचा सन आणि अर्धवट नावे असतात, ती तशीच चिकटवू नयेत.

अलीकडे एआयकडून सूची बनवून घेतलेले प्रबंध येऊ लागले आहेत. त्यातली नावे खरी, नियतकालिक खरे, वर्षही पटण्याजोगे, पण असा लेखच कधी छापलेला नसतो. डीओआय असेल तर तो उघडून पाहावा, मराठी लेख असेल तर तो अंक ग्रंथालयात काढावा. सापडला नाही तर नोंद जाते आणि तिच्यावर उभे असलेले वाक्यही जाते.

मग साम्यतपासणी, म्हणजे प्रबंध इतरांच्या मजकुराशी किती जुळतो याची यंत्राने केलेली तपासणी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्क्यांत सहा महिन्यांपर्यंतच्या मुदतीत सुधारून पुन्हा द्यायचे, ४० ते ६० टक्क्यांत वर्षभर सादर करता येत नाही, ६० च्या वर नोंदणी रद्द. योग्य श्रेय दिलेली अवतरणे, सूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे यातून वगळायचे असते. सलग १४ शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्यही. पण वगळणे यंत्राला जमले पाहिजे. अवतरणचिन्ह एका टोकाला राहून गेले असेल तर यंत्र तो उतारा तुमचाच धरते. 'संदर्भग्रंथसूची' हा मथळा त्याला ओळखता आला नाही तर सूचीची पानेच रंगतात. अहवालाचा नुसता आकडा पाहू नका, कुठल्या ओळी रंगल्या ते पाहा.

याच्या उलट प्रकारही घडतो. प्रबंध श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या टंकात टाइप केला असेल तर यंत्राला मराठी अक्षरांऐवजी निरर्थक रोमन चिन्हे दिसतात आणि साम्य शून्य येते. विद्यार्थी खूश होतो. मुळात तपासणीच झालेली नसते, आणि शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, चढलेल्या त्या प्रबंधात पुढे कुणाला एक शब्दही शोधता येत नाही. आधी सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणायचा. रूपांतरात रफार, 'ऱ्य' आणि जोडाक्षरे मोडतात, म्हणून सूचीतली आडनावे त्यानंतर पुन्हा वाचायची.

साम्य कमी करायचे म्हणून शब्द फिरवणे, ही आमच्या मते या कामातली सगळ्यात वाईट सवय आहे. 'दुष्काळ'चे 'अवर्षण' केल्याने विचार तुमचा होत नाही. संदर्भ नसेल तर ती उसनवारीच राहते. मूळ परिच्छेद वाचा, पुस्तक मिटा, पाच मिनिटांनी आपल्या वाक्यांत लिहा, मग पुस्तक उघडून अर्थ ताडून पाहा. आणि संदर्भ तरीही द्या, पृष्ठासह.

दहाव्या दिवशी पुन्हा दोघांनी बसायचे, पहिल्या दिवसासारखेच, पण यावेळी उलट दिशेने: सूचीतून प्रकरणाकडे. एवढे होऊनही चार-पाच पृष्ठक्रमांक सापडत नाहीत. त्यांची चिठ्ठी करून प्रबंध परत जातो, ग्रंथालय उघडण्याच्या वेळेसकट. त्यातले जे मिळत नाहीत तिथे अवतरणचिन्हे काढून वाक्य सारांशाने लिहायचे, नाहीतर वाक्यच गाळायचे. अंदाजाने पानाचा आकडा घालायचा नाही.